परिशिष्टातलं नाव

सत्यजीत पऱ्हाड सरांचा विषय पोरं सोपा म्हणून घ्यायची आणि पहिल्या पंधरा दिवसांतच पस्तावायची. ‘औद्योगिक शाश्वतता : मूल्यमापन आणि नियोजन’ असं त्याचं लांबलचक नाव. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, ऐच्छिक. पोरांना वाटायचं, झाडं लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा, असलंच काहीतरी लिहायचं असणार. पण सर पहिल्याच तासाला बजावायचे, “या विषयाला पुस्तक नाही. फॅक्टरीत जायचं. आत काय जातं, बाहेर काय येतं आणि मधल्यामध्ये काय गायब होतं, ते शोधायचं. मग पुढच्या पाच वर्षांत तिथं काय बदलता येईल ते मांडायचं. आणि आकडा मांडाल तिथं तो कुणी दिला, कोणत्या दिवशी दिला आणि कुठं उभं राहून दिला, हे लिहायचंच. नाहीतर त्याला मी आकडा म्हणणार नाही, गप्पा म्हणेन.”

कॉलेज शिरूरजवळ, नगर रस्त्याला लागून. सर मूळचे केंदूरचे. लहानपणी वस्तीवर टँकर आला की हंडे-कळश्या रांगेत लावायचं काम त्यांच्याकडे असायचं. वडील सावळाराम पऱ्हाड टँकरच्या नळीचं शेवटचं थेंबथेंब गळणारं पाणीसुद्धा तांब्यात धरायचे. तो तांब्या सरांच्या डोक्यातून कधी गेला नाही. पुढं अकरा वर्षं त्यांनी निरनिराळ्या कारखान्यांत मेंटेनन्सला काढली, मग शिकवायला आले. वर्गात पाण्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा.

अहवालाचे तीन भाग असायचे. निसर्ग, खर्च आणि माणसं. तिसऱ्या भागात पोरं कामगार किती, आरोग्य शिबिर कधी झालं, गावच्या शाळेला बाकं दिली का, असलं काहीबाही लिहायची. सर तो भाग नुसता चाळायचे आणि दहातले सात-आठ देऊन मोकळे व्हायचे. त्यांचा सगळा जीव पहिल्या भागात.

त्या वर्षी एका गटाला त्यांनी दौंड तालुक्यातली मक्यापासून स्टार्च काढणारी फॅक्टरी दिली. तिथला मॅनेजर पृथ्वीराज शितोळे हा सरांच्या पहिल्या बॅचचा विद्यार्थी. परवानगी मागायला सर गेले तेव्हा तो खुर्चीतून उठून पाया पडला. “सर, पोरांना कुठंही फिरू द्या, कुणालाही विचारू द्या. खरं काय ते कळलं तर आम्हालाच उपयोग आहे,” असं म्हणाला आणि तसं लेटरहेडवर लिहूनही दिलं. सरांना त्याचा अभिमान वाटला. आपल्या हाताखालून गेलेलं पोरगं आहे, असं ते परतीच्या वाटेवर गाडीत दोनदा म्हणाले.

गटात पाच जण. म्होरकी दीक्षा. दौंड शहरातली, वडील रेल्वेत. बोलायची कमी, पण एकदा वही उघडली की हिशेब लागल्याशिवाय मिटायची नाही. तीन आठवडे पोरं फॅक्टरीत येत-जात होती. त्यांनी बोअरवेलचे मीटर वाचले, बॉयलरच्या नोंदी उतरवून घेतल्या, मका भिजवायच्या टाक्या मोजल्या. आणि एका सोमवारी दीक्षानं सरांपुढं कागद ठेवला.

“सर, ताळा जुळत नाही. रोज सहाशेवीस घनमीटर पाणी आत येतं. वाफ, माल, बागेला सोडलेलं, प्रक्रिया करून बाहेर सोडलेलं, सगळं धरलं तरी चारशेऐंशीच होतं.”

“एकशेचाळीस कमी,” सर म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी मनाशीच गणित केलं. “चौदा टँकर. रोजचे. आमच्या वस्तीला एक यायचा.”

पुढच्या भेटीला सर स्वतः बरोबर गेले. सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लँटवर, ज्याला तिथं सगळे नुसतं ईटीपी म्हणतात, कोंडिबा ओव्हाळ नावाचा ऑपरेटर होता. खुटबावचा. वय पन्नाशीच्या पुढं. एकोणीस वर्षं त्याच टाकीच्या कठड्यावर उभा राहिलेला माणूस. कॉन्ट्रॅक्टर पाच बदलले, कोंडिबा तोच राहिला. त्यानं बादलीत पाणी काढलं आणि नाकाजवळ नेलं.

“ह्ये बघा सर. मातीवानी वास आला म्हंजी आतलं जिवाणू खात्यात. सडक्या अंड्यावानी आला आन् पानी काळं पडलं की समजायचं, हवा कमी पडतीया. मीटर नंतर सांगतंय, नाक आधी सांगतंय.”

“ऐका रे,” सर पोरांना म्हणाले. “आज हे तुमचे प्राध्यापक.”

कोंडिबा लाजला. दीक्षा त्याला मामा म्हणत होती. तिच्या आईचं माहेर खुटबाव, बुद्धविहारामागच्या आळीत दोन्ही घरं शेजारी.

त्यानंतर चारच दिवसांनी दीक्षाला उत्तर सापडलं. ईटीपीच्या टाकीत हवा सोडणारे दोन ब्लोअर, त्यातला एक आठ महिने बंद पडलेला. एका ब्लोअरवर टाकीला एवढं पाणी पेलत नव्हतं. म्हणून तिसऱ्या पाळीत सुपरवायझरच्या तोंडी हुकमानं एक वॉल्व्ह उघडला जायचा आणि पाणी तसंच ओढ्यात जायचं. वॉल्व्ह उघडायचा तो कोंडिबा आणि त्याच्या जोडीचे ऑपरेटर. पण आपल्या पाळीला कितीला उघडला, कितीला बंद केला, हे कोंडिबा एका जुन्या डायरीत लिहून ठेवायचा. कशाला, ते त्यालाही धड सांगता आलं नाही. “मनाला लागून राह्यचं, म्हणून लिवलं,” एवढंच तो दीक्षाला म्हणाला. त्या डायरीच्या पानांचे फोटो तिनं आणले. वेळ आणि पाईपाचा व्यास धरून तिनं हिशेब केला, तर उत्तर एकशेअडतीस घनमीटर आलं.

सर खुर्चीतून उठलेच. इतक्या वर्षांत कुठल्याच गटाचा ताळा इतका चोख जुळला नव्हता. पुढचे दहा दिवस त्यांनी पोरांबरोबर बसून पाच वर्षांचा आराखडा केला. दुसरा ब्लोअर आधी, मग ऑनलाइन मीटर, मग शुद्ध केलेलं पाणी पुन्हा मका धुवायला, मग गाळापासून गॅस. प्रत्येक टप्प्याला मुदत घातली आणि जबाबदारी कुणाची तेही लिहिलं.

अहवाल सोमवारी द्यायचा होता. शनिवारी दुपारी दीक्षा केबिनमध्ये आली आणि दारातच घुटमळली.

“सर, परिशिष्ट ब मध्ये मामांचं नाव घालायलाच पाहिजे का?”

“म्हणजे?”

“डायरीची पानं आपण जोडतोय. ती कुणाची, हे न लिहिता चालेल का? ‘एका कामगाराकडून मिळालेली माहिती’ एवढंच लिहिलं तर?”

सरांनी चष्मा काढला. “दीक्षा, एवढे दोन महिने राबलीस, आणि शेवटच्या पायरीला ढिलाई? नाव नसलं की तो आरोप होतो. नाव, तारीख, पाळी असली की पुरावा होतो. बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल.”

“पण त्यांना काही त्रास…”

“कसला त्रास? मॅनेजरनं लिहून दिलंय की कुणालाही विचारा. आणि अहवाल कॉलेजातच राहणार आहे. लायब्ररीत. वाळवी सोडून कुणी बघत नाही तो.”

सर हसले. दीक्षा हसली नाही. आणखी काही बोलणार होती, पण बोलली नाही. “बरं सर,” म्हणून गेली.

परीक्षकानं ब्याण्णव मार्क दिले. असं काम पुण्यातल्या मोठ्या कॉलेजातही होत नाही, असं सर्वांसमोर बोलून दाखवलं. त्या आनंदात चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी सरांनी अहवाल पृथ्वीराजला मेल केला.

हेतू वाईट नव्हता. कपाटात ठेवून काय उपयोग, आराखडा राबवला गेला तर ओढा सुधारेल, असंच त्यांच्या मनात होतं. पण पुढं कितीतरी दिवस ते त्या दुपारकडे परत परत जात राहिले, आणि दर वेळी त्यांना एक गोष्ट कबूल करावी लागली. पाठवण्याआधी परिशिष्ट ब त्यांच्या लक्षात आलं होतं. शिपायानं चहा आणून ठेवला, तो पिऊन होईपर्यंत ते त्या पानाकडे बघत बसले होते. ते पान काढून टाकायला दोन मिनिटं लागली असती. पण पान काढलं की अहवाल अपुरा दिसला असता. आणि पृथ्वीराज आपलाच पोरगा, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

जूनच्या पाच तारखेला, पर्यावरण दिनाला, फॅक्टरीनं सगळ्या गटाला बोलावलं. मंडप, शाल, श्रीफळ, रोपांची लागवड. पृथ्वीराज माइकवर म्हणाला की सरांच्या विद्यार्थ्यांनी आम्हाला आरसा दाखवला. ते खोटं नव्हतं. नवा ब्लोअर बसला होता. ओढ्याकडे जाणारा पाईप कापून त्याच्या तोंडावर लोखंडी झाकण वेल्ड केलं होतं. सरांनी त्या झाकणावरून हात फिरवला. आयुष्यात शिकवलेलं काहीतरी खरोखर जमिनीवर उतरलं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

दीक्षा आली नव्हती. बरं नसेल, असं बाकीचे म्हणाले.

सर कौतुकानं ईटीपीच्या कठड्यावर चढले. तिथं वेगळाच ऑपरेटर होता, बिहारकडचा. “कोंडिबा कुठं आहेत? सुट्टीवर?” सरांनी विचारलं.

“पुराने वाले चाचा?” तो म्हणाला. “वो तो अप्रैल में ही गए, साहब. गेटपास बंद कर दिया उनका.”

खांद्यावरची शाल सरांनी काढून हातात घेतली. ऊन होतं, पण त्यासाठी नाही.

पृथ्वीराजच्या केबिनमध्ये एसी होता. त्यानं आधी विषय टाळला, मग म्हणाला, “सर, मी नाही काढलं त्यांना. देवाशपथ. तुमचा रिपोर्ट चांगला होता, मी तो हेड ऑफिसला वर पाठवला. त्यांनी बजेट मंजूर केलं. आणि एकच प्रश्न विचारला, हा ओव्हाळ कोण? कंपनीच्या आतल्या नोंदी बाहेर देतो म्हणजे काय? मी सांगून बघितलं. पण ते कॉन्ट्रॅक्टरचे कामगार. कॉन्ट्रॅक्टरनं दुसऱ्या दिवशी यादीतून नाव कमी केलं.”

“ज्यानं वॉल्व्ह उघडायला सांगितलं, तो सुपरवायझर?”

पृथ्वीराजनं टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “तो पर्मनंट आहे, सर.”

“तू परिशिष्ट काढून पाठवायचं होतंस.”

“तुम्ही काढलं असतं तर माझ्याकडे आलंच नसतं,” तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. मस्तीनं नाही, शिष्यानं बोलावं तसंच.

संध्याकाळी त्यांनी दीक्षाला फोन लावला. तिनं उचलला नाही. थोड्या वेळानं मेसेज आला. ‘सर, रिपोर्ट कॉलेजमध्येच राहणार होता ना?’ सरांनी तीन वेळा उत्तर टाइप केलं आणि तीनही वेळा पुसलं.

पुढच्या रविवारी ते न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून खुटबावला गेले. कोंडिबाचं घर शोधायला वेळ लागला नाही. दारात त्याची बायको ताईबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. कोंडिबा नुकताच गुऱ्हाळावरून आला होता. आता तो तिथं उसाचा रस उकळायच्या काहिलीखालच्या चुलवाणात जाळ घालायला जायचा. दंडावरचे केस होरपळलेले, डोळे लाल.

“या सर, बसा,” त्यानं खुर्ची ओढली. स्वतः उंबऱ्यावर टेकला. “वढ्याचा वास गेला म्हणत्यात, खरं हाय का?”

“गेला.”

“बरं झालं. दुसरा ब्लोअर बसला आसंल. मी तवापास्नं सांगत व्हतो.”

ताईबाईनं विचारलं, मान वर न करता.

“पोरास्नी मार्क किती पडलं?”

“शंभरातले ब्याण्णव.”

“मंग चांगलंच हाय की,” ती म्हणाली आणि खडा वेचून बाजूला टाकला.

कोंडिबानं तिच्याकडे नुसतं बघितलं, मग सरांकडे वळला. “सर, नोकरी गेली त्याचं काय न्हाई. कवातरी जानारच व्हती. पर मला एक कळंना. दीक्षा मला म्हनली व्हती, मामा, तुमचं नाव कुठंच येनार न्हाई. तिच्या आईच्या गळ्याची शपथ घितली पोरीनं. ती खोटं बोलनारी न्हाई, लहानाची मोठी माझ्यासमूर झाली. मंग नाव आलं कसं?”

सरांना ही शपथ माहीत नव्हती. त्या शनिवारी दीक्षा दारात घुटमळली होती, बोलता बोलता थांबली होती, ते कशासाठी, हे त्यांना आत्ता, या उंबऱ्यासमोर कळलं. तिला त्यांनी दोन वाक्यांत गप्प केलं होतं. वाळवीवर विनोदही केला होता.

“मी घालायला लावलं,” ते म्हणाले. “ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. आणि कंपनीला पाठवलं तेही मीच. तिला विचारलं नाही, तुम्हालाही नाही.”

ताईबाईचा हात सुपात थांबला. बाहेर पुण्याकडे जाणारी रेल्वेगाडी धडधडत गेली.

“तुम्ही शिकलेली मानसं,” कोंडिबा म्हणाला. “तुमास्नी ठाव आसंल, आसं मला वाटलं व्हतं.”

त्यात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी घाईघाईनं सांगितलं की कॉलेजात पाण्याच्या टाक्यांवर, पंपावर माणूस लागतो, ते प्राचार्यांशी बोलतील. कोंडिबानं मान हलवली. “नगं सर. शिरूर लांब पडतंय. आन् तिथं बी पोरं येनार, वह्या घिऊन विचारनार. मला आता कुनी काय विचारलं की भ्या वाटतं.”

निघताना तो फाटकापर्यंत आला. “दीक्षाला सांगा, मामाच्या मनात काय न्हाई. ती ह्या सुट्टीला आजोळी आली न्हाई. आमच्या दाराम्होरनं जावं लागतं ना तिला.”

सरांनी त्यानंतर जे करता येईल ते केलं. कंपनीच्या हेड ऑफिसला पत्र लिहिलं की माहिती व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीनं घेतली होती, ऑपरेटरचा दोष नाही, त्याला परत घ्या. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. तेव्हा उत्तर आलं ते प्राचार्यांना, आणि प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की त्या कंपनीशी आपला करार आहे, दरवर्षी पोरं तिथं लागतात, आता पुरे. कामगार कार्यालयात विचारलं तर अर्ज कामगारानं स्वतः करायला हवा म्हणाले, आणि कोंडिबा अर्ज करायला तयार नव्हता. पृथ्वीराजची गुजरातच्या प्लँटवर बदली झाली. जाताना त्यानं फोन करून तेवढं कळवलं.

ऑगस्टमध्ये दीक्षा मार्कलिस्ट घ्यायला कॉलेजात येऊन गेल्याचं ऑफिसमध्ये कळलं. सर तसेच गाडी काढून शिरूरच्या एसटी स्टँडवर गेले. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चाकणला एका कंपनीत लागली होती, हाच विषय, शाश्वततेचे अहवाल करायचे.

सर तिच्या शेजारी बसले. खुटबावला गेल्याचं सांगितलं, कोंडिबाचा निरोप सांगितला. “मी त्यांना स्पष्ट सांगितलंय, दीक्षा, की नाव मी घालायला लावलं. तुझी काही चूक नव्हती.”

दीक्षा समोरच्या फलाटाकडे बघत राहिली. “ते पूर्ण खरं नाही, सर.”

“खरंच आहे.”

“नाही. मी अडून बसले असते तर तुम्ही फार तर चिडला असता. मार्क कापले नसते, एवढं मी तुम्हाला ओळखत होते. मी शपथेचं तुम्हाला सांगितलंच नाही. का, ते मला माहितीये.” तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “ताळा जुळला होता ना, सर. सहाशेवीसच्या सहाशेवीस, दोन घनमीटर सोडून. त्यात कुठं ‘एक कामगार’ असं मोघम राहू नये, असं मलाही वाटलं. घरी जाऊन मामांचं नाव टाइप केलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. छान वाटलं. अहवाल पुरा झाला म्हणून.”

ती ताळ्याची ओढ कुणाची होती, हे तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

“आपण दोघं जाऊ खुटबावला,” ते म्हणाले. “मी गाडी घेऊन येतो. येत्या रविवारी.”

“नको सर.” बस फलाटाला लागली तशी ती उठली. “तुम्ही बरोबर असलात की मामा तुमच्याशीच बोलतील. मी एकटी जाईन.”

“कधी?”

तिनं वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा, आणि गर्दीत चढली. खिडकीत दिसेल म्हणून सर थांबले, पण ती पलीकडच्या बाजूला बसली असावी.

दिवाळी झाल्यावर सरांनी कोंडिबाला फोन लावला. गुऱ्हाळावर गर्दी होती, मागं माणसं ओरडत होती. ख्यालीखुशाली झाली. तब्येत बरी, खोकला तेवढा जात नाही. जरा थांबून सरांनी विचारलं, “दीक्षा आली होती का?”

“आँ?”

“दीक्षा. आली होती का घरी?”

“न्हाई अजून,” कोंडिबा म्हणाला. “भाऊबीजेला बी आली न्हाई. आई येकटीच आलती तिची.”

“येईल,” सर म्हणाले.

“व्हय, येईल की,” कोंडिबा म्हणाला, आणि काहिल उतरवायची हाक आली म्हणून त्यानं फोन ठेवला.